दोघांचं जमत नाही, साहेब म्हणतात दोघांनाही नोटीस द्या: सरकारी कार्यालयातले वाद कसे सोडवता?

नदीकाठ
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेत आहे. कनिष्ठ सहाय्यक म्हणून लागले, नंतर वरिष्ठ सहाय्यक झाले आणि यंदा कनिष्ठ प्रशासन अधिकारी म्हणून पदोन्नतीवर एका पंचायत समितीत आले. आस्थापना शाखा माझ्याकडे आहे. मंजूर पदं आठ, भरलेली पाच.

शाखेत एक वरिष्ठ सहाय्यक आहेत, वय चोपन्न. इथे त्यांना काका म्हणते. सेवापुस्तकं, वेतनवाढी, रजा त्यांच्याकडे. कुणाची वेतननिश्चिती कुठल्या वर्षी चुकली ते सेवापुस्तक हातात घेतलं की दोन मिनिटांत दाखवतात. दुसरा कनिष्ठ सहाय्यक, अठ्ठावीसचा, स्पर्धा परीक्षा देऊन लागलेला. पगारबिलं, ई-ऑफिस आणि माहिती अधिकाराचे अर्ज त्याच्याकडे. मे अखेरीस आमचे एक सहाय्यक निवृत्त झाले. त्यांचं निवृत्तिवेतन प्रकरणांचं टेबल कुणी घ्यायचं यावरून ठिणगी पडली.

काका म्हणाले, नवीन आहेस, तू घे, आम्हीही असंच शिकलो. तो म्हणाला, तुमची पत्रं टाइप करायची, तुमच्या रजा ऑनलाइन भरायच्या आणि वर हे टेबलही मीच घ्यायचं? आवाज चढले. समोर एक निवृत्त शिक्षिका उपदानाची (ग्रॅच्युइटीची) चौकशी करायला आलेल्या. त्या अर्ज हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि काही न विचारता निघून गेल्या. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आता काकांची लेखी तक्रार माझ्या टेबलावर आहे. मुलाने कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरंच काही लिहिलं आणि आठवडाभर रजेवर गेला. बाकीच्यांतही दोन तट पडलेत. गटविकास अधिकारी साहेबांचं म्हणणं, "दोघांनाही कारणे दाखवा द्या, खुलासे घ्या आणि फायलीला लावा. आपोआप सरळ होतात." माझं मन तयार होत नाही. पण नाही दिली तर "मॅडम मवाळ आहेत" हे पहिल्या तीन महिन्यांतच कायमचं चिकटेल. जाणकारांनी सांगावं.

पारावरचा
ताई, नोटीस द्या. लोकांसमोर भांडण झालंय, ते सोडून देऊ नका. सरकारी कार्यालय लोकांच्या पैशावर चालतं. त्या शिक्षिका बाईंनी आयुष्यभर शाळा सांभाळली आणि हक्काच्या पैशासाठी आल्या तर समोर हा तमाशा. पहिल्याच वेळी लगाम खेचला नाही तर पुढे तुमचं कुणी ऐकणार नाही.

रानवाट
+१. ग्रुपवर लिहिलेलं तर मुळीच खपवून घेऊ नका.

बारनिशी
मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कारणे दाखवा नोटीस हे रागवायचं साधन नाही. तो कारवाईचा पहिला टप्पा आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत आणि तुमच्याकडे जिल्हा परिषदा जिल्हा सेवेचे १९६४ चे नियम. दोन्हीकडे क्रम तोच. नोटीस दिली की खुलासा येतो. खुलासा आला की तो मान्य किंवा अमान्य करावा लागतो. अमान्य केला तर ठपका, वेतनवाढ रोखणे अशा शिक्षेकडे जावं लागतं. तुमचे साहेब सांगतात तसं खुलासे घेऊन फायलीला नुसते लावले, तर कर्मचाऱ्यांना एवढंच कळतं की इथे नोटिशीपुढे काही होत नाही. पुढच्या वेळी खरोखर गंभीर प्रकार घडला तर तुमच्या नोटिशीला वजन उरत नाही.

दुसरं म्हणजे दोघांना सारखीच नोटीस देणं दिसतं निःपक्षपाती, पण ज्याचं म्हणणं खरं आहे त्याला तो अन्याय वाटतो. आणि इथे कुणाचं म्हणणं किती खरं हे अजून कुणी तपासलेलंच नाही.

गोपनीय अहवालात काही लिहायचा विचार असेल तर तेही जपून. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात स्पष्ट केलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. मनात राग ठेवून वर्षअखेरीला शेरा मारायचे दिवस तेव्हाच संपले.

माझा सल्ला असा. आधी काम मोजा. कार्यविवरण नोंदवह्या मागवा. प्रत्येक टेबलावर महिन्याला किती पत्रं येतात, किती निघतात, किती पडून आहेत, ते बघा. सहा गठ्ठे (दप्तराची सहा गटांत मांडणी) लावलेले असतील तर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. लावलेले नसतील तर आधी तेच करून घ्या.

नदीकाठ
बारनिशी काका, सहा गठ्ठे कागदावर आहेत. प्रत्यक्षात प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचं आहे अशी) दोन्ही एकाच कपाटात. काम मोजायचं तर त्यांना वाटेल मॅडमनी चौकशी लावली.

बारनिशी
म्हणून पाचही जणांचं मोजायचं, आणि सुरुवात स्वतःच्या टेबलापासून करायची.

यात नवं काही नाही. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना नगरला जिल्हाधिकारी असताना त्यांनी बैठकव्यवस्था, दप्तराची मांडणी आणि कामाची विभागणी यांनाच हात घातला. त्याचं नाव पुढे लखिना पॅटर्न पडलं. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली तेव्हाही पहिली पायरी हीच होती: दप्तर बाहेर काढा, लावा, मोजा. लोक ह्या दोन्ही गोष्टी फायलींच्या सुधारणा म्हणून लक्षात ठेवतात. मी त्या माणसांच्या सुधारणा समजतो. कुणाकडे काय पडलंय हे सगळ्यांना दिसायला लागलं की "मीच एकटा मरतो" आणि "तो काहीच करत नाही" ही दोन्ही वाक्यं तपासून बघता येतात.

लालपरी
आमच्याकडचं सांगतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. आगारातली निम्मी भांडणं ड्युटी लावण्यावरून होतात. मुक्कामी गाडी कुणाला, सकाळची जवळची फेरी कुणाला, सणाच्या दिवशी सुट्टी कुणाला. ड्युटी लावणाऱ्याच्या जवळच्या माणसाला हलकी ड्युटी मिळते असा नुसता संशय आला तरी आगार पेटतं, मग प्रत्यक्षात तसं असो वा नसो.

एका आगारात आमच्या व्यवस्थापकांनी एकच केलं. महिनाभराचा तक्ता आदल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फलकावर. मुक्कामी फेऱ्या आळीपाळीने, नावापुढे लिहिलेल्या. बदल हवा असेल तर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि तो अर्जही फलकावर लागणार. पहिले पंधरा दिवस फलकासमोर रोज कचकच. नंतर लोक तक्त्याशी भांडायला लागले, एकमेकांशी भांडणं बंद झाली. तक्त्यातली चूक दाखवली की ते दुरुस्त करून द्यायचे आणि दुरुस्तीखाली सही करायचे.

हे कायद्यातही आहे. आम्हाला १९७१ चा अनुचित श्रम प्रथांचा कायदा लागू आहे. गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं ही त्यात मालकाची अनुचित प्रथा म्हणून दिलेली आहे.

पण फलकाने सगळं सुटत नाही. एसटी राज्य शासनात विलीन करा या मागणीसाठीचा २०२१-२२ चा संप आठवा. हजारो जण निलंबित, बडतर्फ झाले. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर व्हायची मुदत दिली आणि लोक परत आले. आता एकाच गाडीवर चालक शेवटपर्यंत संपात राहिलेला आणि वाहक मधेच कामावर आलेला. एक पगार नसताना दागिने गहाण ठेवून बसलेला, दुसऱ्याला डेपोच्या दारात "गद्दार" ऐकावं लागलेलं. दोनशे किलोमीटर दोघं एक शब्द बोलत नव्हते, घंटीवर गाडी चालायची. तिथे कुणाला नोटीस देणार? आमच्या साहेबांनी त्या जोड्या मुद्दाम तोडल्या नाहीत आणि मुद्दाम लावल्याही नाहीत. रोज सकाळी पहिल्या गाडीच्या वेळेला स्वतः डेपोत हजर राहायचे. कुणी जुनं उकरून काढलं तर तिथल्या तिथे थांबवायचे, आणि ज्याच्या घरी अडचण आहे त्याची थकलेली रजा-बिलं लवकर मार्गी लावायचे. सहा-आठ महिने गेले त्यात. काही जोड्या अजूनही बोलत नाहीत, पण गाड्या वेळेवर सुटतात.

पारावरचा
लालपरी, चांगलं लिहिलंत. तरी माझा मुद्दा कायम. संपातला राग वेगळा, अभ्यागतासमोर ओरडणं वेगळं. त्याची नोंद कुठेतरी झालीच पाहिजे.

रातराणी
मी प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे. नेतृत्वशैलीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी सत्तरच्या दशकात वाद हाताळण्याच्या पाच पद्धती मांडल्या: आपलंच खरं करणं, पडतं घेणं, टाळणं, तडजोड आणि मिळून मार्ग काढणं. सरकारी कार्यालयांत सर्रास वापरली जाते ती तिसरी. "बघू", "चर्चा करावी", "पुढील महिन्यात सादर करा". कारण स्पष्ट आहे. साहेबाची तीन वर्षांत बदली होणार, वाद पुढच्या साहेबाकडे जाणार. टाळणं काही वेळा शहाणपणाचंही असतं, दोघं तापलेले असताना दोन दिवस थांबणं चांगलंच. पण टेबल रिकामं असेल तर रोज एक निवृत्त माणूस हेलपाटा घालतो. इथे टाळण्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

शैलीबद्दल एक जुना प्रयोग सांगते. १९३९ मध्ये कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांचा मुलांच्या छंदगटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडणारा, काहींचा चर्चा करून ठरवणारा, काहींचा सगळं मुलांवर सोडून देणारा. हुकूमशाही गटात प्रमुख समोर असताना काम भरपूर व्हायचं, तो खोलीबाहेर गेला की थंडावायचं. चर्चेच्या गटात प्रमुख गेला तरी काम चालू राहायचं. मुलांवरचा प्रयोग कार्यालयाला जसाच्या तसा लागू होत नाही हे मान्य. पण नदीकाठताई, तुमच्या साहेबांच्या दौऱ्याच्या दिवशी शाखेत काय चालतं ते एकदा बघा. शैली कोणती याचं उत्तर तिथे मिळेल.

सागरतीर
ह्या सगळ्या चर्चेत कोकण रेल्वे उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांचं नाव कसं नाही? कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. सातशेहून अधिक किलोमीटर, तेही सह्याद्रीतून. सात विभाग पाडले, प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि त्याला निर्णयाचे अधिकार जागेवरच दिले. कार्यालयांत उलटं चालणारं घड्याळ लावलेलं असायचं, काम संपायला किती दिवस उरले ते दाखवणारं. सरकारी कामात असं होऊ शकतं हे माझ्या पिढीने कोकणात डोळ्यांनी पाहिलंय. ध्येय एवढं स्पष्ट असलं की माणसं आपापसात भांडायला वेळ काढत नाहीत.

नदीकाठ
सागरतीर, श्रीधरन सरांबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यांना माणसं निवडता आली, ते नवं महामंडळ होतं. मला पाच माणसं मिळाली ती मिळाली. तिघांच्या रिकाम्या जागा कधी भरतील ते माझ्या हातात नाही. पगार वाढवणं माझ्या हातात नाही, कमी करणंही नाही, बदली तर नाहीच. माझ्या हातात नेमकं काय उरतं, हाच माझा प्रश्न आहे.

सागरतीर
मान्य. पण अधिकार जागेवर देणं हे तुमच्याही हातात आहे. कोण किती रकमेपर्यंतच्या, कुठल्या प्रकारच्या प्रकरणात थेट टिपणी सादर करील, हे तुम्ही ठरवू शकता.

कालच_लागलो
मी त्या मुलाच्या वयाचा आहे, दुसऱ्या खात्यात. त्याची बाजू कुणीतरी मांडावी म्हणून लिहितो.

आमच्या कार्यालयात सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे आहेत. साहेबांच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. चार जणांची ऑनलाइन कामं मी त्यांच्या लॉगिनवरून करतो आणि ती कार्यविवरणात त्यांच्या नावावर लागतात. उद्या त्या सहीने एखादं बिल चुकीचं गेलं तर चौकशीत पहिलं नाव माझं येईल आणि कागदावर मात्र ते काम माझं कधीच नव्हतं. रात्री झोप लागत नाही अशा वेळी. "तुला कॉम्प्युटर येतो ना" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकतो. नाही म्हटलं तर उर्मट.

बारनिशी काका म्हणतात तसं काम मोजाल तेव्हा हेही मोजा. नोंदवहीत ते दिसणार नाही.

नदीकाठ
हे मी वाचलं आणि खुर्चीतून उठून ड्रॉवर बघितले. आमच्याकडेही तसंच आहे. साहेबांची सही त्याच्याकडे, काकांचं लॉगिन त्याच्याकडे. धन्यवाद, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता.

पाऊलवाट
नदीकाठताई, दोन गोष्टी. मी एका विभागात तक्रार समितीची अध्यक्ष आहे.

तुमच्या प्रकरणात हा भाग नाही, पण धागा बरेच जण वाचतील म्हणून सांगते. काकांचं-मुलाचं भांडण आणि एखाद्या महिला कर्मचाऱ्याला दिला जाणारा त्रास, ह्या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकू नका. "दोघांना बसवून मिटवा" हे लैंगिक छळाच्या तक्रारीत चालत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. तक्रार आली की समितीकडेच जायला हवी, चौकशी नव्वद दिवसांत व्हायला हवी. समेट हवा असेल तर तो फक्त तक्रारदार बाईच मागू शकते, आणि पैशावर तर नाहीच. "कार्यालयाची इज्जत" ह्या नावाखाली हे मिटवणारे साहेब आजही आहेत आणि ते स्वतःला समंजस समजतात.

दुसरं, "मवाळ" हा शब्द. पुरुष अधिकारी दोघांना बसवून बोलला तर तो अनुभवी, बाई बोलली तर मवाळ. त्या शब्दाला घाबरून नोटीस काढू नका. पण मऊ बोलूनही ठाम राहता येतं हे दिसू द्या. जे ठरेल ते लेखी, तारखेसह आणि तुमच्या सहीने.

नदीकाठ
थोडी प्रगती सांगते. पाचही जणांचं काम मोजलं, माझ्यापासून सुरुवात केली. कालच_लागलो यांच्या सांगण्यावरून एक वेगळा रकाना केला: दुसऱ्याच्या नावावर केलेलं काम. त्या रकान्यात त्या मुलाच्या नावापुढे इतकं निघालं की काका बराच वेळ तो कागद बघत बसले. उलट काकांच्या टेबलावर जुन्या सेवापुस्तकांच्या पडताळणीचा ढीग आहे. तो नोंदवहीत एका ओळीत असतो, पण एकेका पुस्तकाला दोन दिवस लागतात. ते त्या मुलाला माहीत नव्हतं.

मग दोघांशी वेगवेगळं बोलले. काकांनी मला एरवी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी घरच्या आजारपणामुळे त्यांनी पदोन्नती नाकारली होती. आता त्यांच्या मागून लागलेली मी त्यांच्या वर आहे, आणि ऑनलाइन निवृत्तिवेतनाचं काम येत नाही हे त्यांना सगळ्यांसमोर म्हणायचं नव्हतं. मुलाचं म्हणणं एवढंच की काम द्या, पण माझ्या नावावर द्या.

प्रस्ताव असा केलाय: निवृत्तिवेतनाचं टेबल दोघांत. सेवापुस्तक पडताळणी, ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्रं काकांकडे. ऑनलाइन सादरीकरण मुलाकडे. माहिती अधिकार त्याच्याकडून काढून तिसऱ्या सहाय्यकाकडे. लॉगिन ज्याचं त्याने वापरायचं, डिजिटल सही साहेबांच्या कपाटात. काकांना महिनाभर रोज अर्धा तास तो शिकवणार, आणि काका त्याला वेतननिश्चिती शिकवणार.

साहेब अर्धवट राजी आहेत. म्हणतात, तोंडी सांगून टाका.

बारनिशी
तोंडी मुळीच नको. कार्यालयीन आदेश काढा आणि सही साहेबांचीच घ्या, कारण कामवाटप कार्यालयप्रमुखाचं. चार गोष्टी विसरू नका. आदेशाची तारीख आणि अंमल कधीपासून. प्रत्येक टेबलासाठी रजेच्या काळातला पर्यायी कर्मचारी, नावासह. कोणत्या टप्प्यावर प्रकरण एकाकडून दुसऱ्याकडे जाईल आणि किती दिवसांत. आणि तीन महिन्यांनी आढावा. दिवसांची मर्यादा ठरवताना आधार हवा असेल तर राज्य शासनाच्या २००५ च्या बदल्या व दिरंगाई प्रतिबंध कायद्याचं कलम १० बघा: सामान्यतः कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. साहेबांना हे दाखवलंत तर सही लवकर होईल.

पारावरचा
प्रस्ताव चांगला आहे, हे मोकळेपणाने म्हणतो. पण ताई, अभ्यागतासमोरच्या प्रकाराचं काय? आणि ग्रुपवरच्या मजकुराचं?

नदीकाठ
पारावरचा दादा, ते सोडलेलं नाही. त्या शिक्षिका बाईंना मी स्वतः फोन केला, त्यांचं प्रकरण नव्या वाटपातलं पहिलं आहे. दोघांनाही माझ्या खोलीत तोंडी समज दिली, त्याची टिपणी ठेवली आणि दोघांनी त्यावर सही केली. पुन्हा घडलं तर वर्तणूक नियमांखाली नोटीस निघेल हे त्यात लिहिलंय. ग्रुपवरचा मजकूर त्याने स्वतः काढला. तो ग्रुप यापुढे फक्त कामाच्या सूचनांसाठी.

आदेशावर काल सही झाली. दोघं कामापुरतं बोलतात, चहा अजून वेगवेगळा. एक गोष्ट अडकली आहे. काकांची लेखी तक्रार माझ्याकडे तशीच आहे. ते म्हणतात "राहू द्या आता", पण मागे घेत नाहीत. तिचं काय करू?

बारनिशी
तशी ठेवू नका. उद्या मुलाच्या पदोन्नतीच्या वेळी ती कुणीतरी बाहेर काढील. मागे घ्यायचा आग्रहही धरू नका, त्यात काकांचा मान जातो. तक्रारीवर टिपणी लिहा: कामवाटपाबाबतची तक्रार अमुक तारखेच्या कार्यालयीन आदेशाने निकाली, वर्तनाबाबत दोघांना समज दिली, पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही. साहेबांची मान्यता घ्या, काकांना लेखी कळवा, मुलालाही प्रत द्या आणि जावक क्रमांक टाका.